रत्नागिरीतलं मॉडेल रेल्वे प्रदर्शन: क्रॉसिंग बघायला जा, पण सकाळी जा

शहरातल्या एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये तीन दिवसांसाठी हे प्रदर्शन भरलंय. हौशी मंडळींनी आपापल्या घरून सुट्टे करून आणलेले दोन देखावे, स्वतः चालवून बघायचं शंटिंगचं (वाघिणी जोडून-सोडून हव्या त्या क्रमाने लावायचं) टेबल, अगदी लहानग्यांसाठी प्लास्टिकच्या रुळांची सतरंजी, दुरुस्तीचं टेबल आणि दाराशी विक्रीचा काउंटर, एवढा पसारा. तिकीट मोठ्यांना ६० रुपये, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना ३०, त्याखाली फुकट. नीट बघायला दोन तास पुरतात. पोरं बरोबर असतील तर अडीच धरा, कारण शंटिंगच्या टेबलापाशी रांग लागते आणि नंबर लागलेलं पोर तिथून उठत नाही.

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांनी तो मापदंड इथे लावू नये. तिथला देखावा कायमचा एका जागी बसवलेला आहे. इथला १.२ मीटरच्या तुकड्यांत टेम्पोतून आला, आदल्या रात्री जोडला गेला आणि रविवारी रात्री पुन्हा सुटा होणार. फिरत्या देखाव्याच्या अडचणी वेगळ्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा इथे दुपारनंतर उघड्या पडतात.

हॉलमध्ये शिरल्यावर डावीकडची भिंत पूर्ण व्यापलेला मोठा देखावा कोकण रेल्वेचा आहे. एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. लांबी साडेसात मीटर, पुढे काटकोनात वळलेला आणखी अडीच मीटर. सगळ्यांचे मोबाइल निघतात ते पानवल नदीच्या पुलासमोर. खरा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. ८७ ने भागलं तर उंची ७४ सेंटीमीटर येते आणि लांबी ४.८७ मीटर. तेवढी लांबी पुलालाच दिली तर स्टेशनला जागा उरत नाही. करणाऱ्यांनी उंची जशीच्या तशी ठेवली आणि लांबी १.८ मीटरवर आणली. हा निर्णय शंभर टक्के बरोबर. लांबी कापली तरी डोळ्याला चटकन कळत नाही, पण उंची निम्मी केली असती तर तो कुठल्याही ओढ्यावरचा पूल झाला असता. रूळ जमिनीपासून १.२ मीटरवर आहेत, त्यामुळे दरीचा तळ मोठ्यांच्या गुडघ्याशी येतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला इथे स्टुलावर चढवू नका. त्याचे डोळे आपोआप खांबांच्या वरच्या भागाशी येतात आणि दरीत उभं राहून वर बघितल्यासारखी गाडी दिसते. मोठ्यांनी त्यासाठी उकिडवं बसावं.

बोगद्यांच्या बाबतीत हाच हिशेब कोणालाच परवडणारा नाही. उक्षी आणि भोके यांच्या मधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, एचओमध्ये तो पाऊणशे मीटर होईल. इथे गाडी बोगद्यात शिरते, पडद्यामागच्या चार रुळांच्या यार्डात थांबते आणि मिनिटभराने दुसऱ्या तोंडातून वेगळीच गाडी बाहेर येते. मुलांना हे जादूसारखं वाटतं. डाव्या टोकाला पडद्यात एक फट आहे, तिथून मागचं यार्ड बघता येतं. चालवणारे हरकत घेत नाहीत.

आता रुळांच्या रुंदीबद्दल, कारण जाणकार पहिला प्रश्न हाच काढतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. ८७ ने भागला तर १९.२६ मिलिमीटर. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरवर बेतलेला आहे. म्हणजे डबे आपल्या मापाचे आणि खालचा रूळ पावणेतीन मिलिमीटर अरुंद. बाजूने बघताना काही जाणवत नाही. गाडी समोरून येताना मात्र डबा खाली निमुळता होऊन उभा आहे असं वाटतं. रूळ हाताने घालून, चाकांचे आस बदलून हे दुरुस्त करता येतं, पण मग बाजारातला एकही सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी), एकही इंजिन जसंच्या तसं चालत नाही. इथल्या मंडळींनी तयार रूळ घेतलाय. भरपूर गाड्या चालवायच्या असतील तर तेच शहाणपणाचं. फोटो काढायचा असेल तर तिरका काढा, समोरून नको.

वळणांची तडजोड जास्त खटकते. कोकण रेल्वेची मूळ आखणी ताशी १६० किलोमीटर वेग गृहीत धरून केलेली, त्यामुळे वळणांची त्रिज्या १२५० मीटरच्या खाली जाऊ दिलेली नाही. एचओमध्ये ती सव्वाचौदा मीटरच्या वर जाते. इथे दर्शनी भागात त्रिज्या ६० सेंटीमीटर आहे. एलएचबी, म्हणजे हल्लीच्या नव्या जातीच्या लांब डब्याची बॉडी साडेतेवीस मीटरची, म्हणजे मॉडेलमध्ये २७ सेंटीमीटर. एवढा लांब डबा ६० सेंटीमीटरच्या वळणावर गेला की मधला भाग सुमारे ६ मिलिमीटर आत येतो आणि टोकं ९ मिलिमीटर बाहेर जातात. यार्डात दोन रूळ शेजारी वळतात तिथे अंतर नेहमीचं ५१ मिलिमीटर ठेवलं असतं तर दोन एलएचबी रेक (डब्यांच्या अख्ख्या गाड्या) एकमेकांना घासले असते. त्यांनी ६२ ठेवलंय. घरी दुहेरी मार्ग टाकायच्या विचारात असाल तर हा आकडा लिहून घ्या. जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांना एवढा त्रास होत नाही, ते साडेचोवीस सेंटीमीटरच भरतात.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट स्टेशनवर घडते. कोकणातल्या माणसाने आयुष्यात जेवढा वेळ क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला थांबण्यात काढलाय तेवढा दुसऱ्या कुठल्या मार्गावरच्या प्रवाशाने काढला नसेल. रोहा ते वीर दुहेरी झालं, पण त्याखाली एकेरी मार्गाचा तोच खेळ अजून चालू आहे. बहुतेक प्रदर्शनांत गाड्या नुसत्या गोल फिरतात. इथे पॅसेंजर येते, लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर जाते आणि उभी राहते. एका मुलाने विचारलं, "काका, बंद पडली का?" त्यावर कंट्रोलर हातात धरलेल्या काकांनी मान वर न करता सांगितलं, "समोरून मांडवी येतेय. थांब जरा." मागे उभे असलेले सगळे हसले.

या क्रॉसिंगचा क्रम बारकाईने बघण्यासारखा आहे. सांधा आधी लूपकडे वळतो. मग होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल, पिवळा होतो आणि त्याच्या डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरपी रांग पेटते, म्हणजे गाडी मुख्य मार्गावर न येता बाजूला येणार. हे पाच दिवे प्रत्येकी मिलिमीटरभराच्या एलईडीचे आहेत आणि हाताने जोडलेले आहेत. पॅसेंजर पूर्ण आत आली की सांधा सरळ होतो, समोरच्या बाजूचे सिग्नल हिरवे होतात, मांडवी एक्स्प्रेस न थांबता निघून जाते आणि त्यानंतरच लूपचा स्टार्टर, म्हणजे गाडीला निघायची परवानगी देणारा सिग्नल, उघडतो. सांधा सरळ झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही, कारण सांध्याखालचा स्विच त्या सर्किटमध्ये घेतलेला आहे. मुलांना हा क्रम आधी सांगून ठेवा आणि पुढच्या खेपेला कुठला दिवा पेटेल ते त्यांनाच ओळखू द्या. दहा वर्षांच्या पोराला तिसऱ्या क्रॉसिंगला सगळं जमतं.

कमी आहे ती डिस्टंट सिग्नलची, म्हणजे होम सिग्नल काय दाखवतोय ते लांबूनच आधी सांगणाऱ्या सिग्नलची. खांब उभा आहे, दोन पिवळे आणि एक हिरवा दिवाही आहे, पण तो होमला जोडलेला नाही, कायम दोन पिवळे दाखवतो. एवढं केल्यावर हे सोडायला नको होतं. लूपची लांबीही कमी पडते. भारतीय रेल्वेत लूप साधारण ६८६ मीटरचा, एचओमध्ये पावणेआठ मीटरच्या वर. इथे २.४ मीटर आहे. त्यात इंजिन आणि सात एलएचबी डबे बसतात, आठवा घातला की शेवटचा डबा सांध्यावर राहतो आणि समोरची गाडी त्याला घासते.

सांधे फिरवायला खाली स्वस्तातल्या छोट्या सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या) आणि अर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड वापरलाय. कॉइलवाल्या मोटरसारखा खटका बसत नाही, सांध्याच्या सरकत्या रुळाचं पातं हळू सरकतं, खऱ्यासारखं. मात्र दोन सांध्यांखालून सतत गुणगुण ऐकू येते. सर्व्होला जागेवर पोचल्यावरही सिग्नल चालू ठेवला की ती जागा धरून ठेवायला धडपडत राहते, तापते आणि प्लास्टिकचे दाते झिजतात. हालचाल संपल्यावर अर्ध्या सेकंदाने प्रोग्राममधून सिग्नल तोडला की आवाज बंद. पात्याची जागा मग स्प्रिंगच्या तारेच्या ताणाने टिकते.

गाड्यांचा वेग हा सकाळ आणि संध्याकाळ यांतला मोठा फरक. एचओमध्ये ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३२ सेंटीमीटर. पॅसेंजर ६० ने जात असेल तर १९. हिशेब सोपा आहे: गाडीने एक मीटर पाच सेकंदांत काटला तर ती साधारण ६३ ने चाललीय. सकाळी गाड्या याच वेगाने चालतात आणि पुलावर फार सुंदर दिसतात. चारनंतर गर्दी वाढते, पोरं "फास्ट, फास्ट" ओरडतात आणि कंट्रोलरचं बटण फिरत जातं. संध्याकाळी कोकणकन्येने पुलाचे १.८ मीटर साडेतीन सेकंदांत काटले, म्हणजे ताशी १६० च्या वर. आखणीचा वेग शेवटी मॉडेलने तरी गाठला म्हणायचं.

गाड्या रुळावरून उतरतात का? हो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एकच रेक. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले लाल-राखाडी एलएचबी डबे रंगकामात उत्कृष्ट आहेत. खिडक्यांच्या जाळ्यांपर्यंत काम केलंय. पण ते हलके आहेत. अमेरिकन मॉडेलकारांच्या संघटनेचा जो वजनाचा ठोकताळा आहे त्यानुसार २७ सेंटीमीटरच्या डब्याला सुमारे १८० ग्रॅम हवेत. नुसता प्रिंट केलेला डबा त्याच्या निम्म्यावरही जात नाही. सात डब्यांच्या गाडीत पुढून इंजिन ओढतंय आणि मागून डब्यांचं ओझं धरतंय, अशा वेळी वळणावर मधला हलका डबा आतल्या बाजूला खेचला जातो आणि उलटतो. तिसरा किंवा चौथा डबाच का पडतो याचं उत्तर हे. उपाय कोकणात तरी सहज मिळणारा आहे. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी ठोकून चपटे करायचे आणि डब्याच्या तळाशी, बोगींच्या (चाकांच्या सांगाड्यांच्या) वर दोन टोकांना चिकटवायचे. मध्यभागी सगळं वजन ठेवलं तर टोकं उडतात. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे आणि हे काम मुलांना द्यायचं नाही. दुसऱ्या रेकच्या आयसीएफ डब्यांत हेच केलेलं आहे आणि ते दिवसभर एकदाही उतरले नाहीत.

रो-रोची, म्हणजे भरलेले ट्रक वाहून नेणारी गाडी बघून मात्र हसू आवरत नाही. रो-रो १९९९ पासून कोलाडहून चालते आणि कोकण रेल्वेचा देखावा त्याशिवाय पुरा होत नाही, हे मान्य. पण सपाट वाघिणींवर ठेवलेले ट्रक खेळण्यांच्या दुकानातले, बहुधा १:६४ मापाचे. साडेतीन मीटर उंचीचा ट्रक १:८७ मध्ये ४० मिलिमीटर भरायला हवा, तो इथे ५५ च्या आसपास आहे. ड्रायव्हरची केबिन शेजारच्या डब्याच्या दाराएवढी दिसते. शिवाय बोगद्याच्या कमानीला टप घासतो म्हणून ही गाडी फक्त स्टेशन ते पूल आणि परत एवढीच फिरते. १:८७ चे ट्रक भारतात पटकन मिळत नाहीत हे खरं, पण एवढे डबे प्रिंट करणाऱ्यांना चार ट्रक प्रिंट करणं जड नव्हतं. काळाचाही घोळ आहे. विजेचे खांब उभे आहेत आणि त्यांखालून डिझेल इंजिनं दिमाखात धावतायत. विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं आणि त्यानंतरही डिझेल काही काळ दिसत होतं, म्हणून सोडून देऊ. वरची तार ताणलेली नाही, नुसते खांब आहेत. फिरत्या देखाव्यात ते ठीकच. प्रत्येक जोडणीला तार सोडून पुन्हा ताणण्यात रात्र गेली असती.

निसर्गाचं काम या देखाव्यात बाहेरून आणलेल्या एकाही पाकिटातलं नाही. रेल्वेच्या कापांना खऱ्या जांभ्याची भुकटी लावलीय: चिऱ्याच्या खाणीतली पूड, मैद्याच्या चाळणीने चाळलेली. आधी पृष्ठभाग पाण्याने ओला करायचा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. त्यावर भुकटी पसरायची आणि एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी हे मिश्रण ड्रॉपरने सोडायचं. साबण नसेल तर गोंदाचा थेंब भुकटीवर मण्यासारखा बसून राहतो आणि आत जिरत नाही. जांभा गोंदाने काळपट होतो, म्हणून वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट नारिंगी रंगाचा हात फिरवावा लागतो. तो इथे नेमका फिरवलेला आहे. पावसाळ्यात हे करू नये. गोंद दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कोपऱ्यात बुरशी धरते.

पुलाखालच्या नदीकाठी वाळू वापरलीय, तिच्याबद्दल मात्र सावध राहावं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत लोहयुक्त खनिज असतं. असे कण सुटे राहिले की इंजिनाच्या मोटरमधला चुंबक त्यांना ओढून घेतो, ते गिअरमध्ये जातात आणि इंजिन करकरायला लागतं. वाळू असो की जांभा, वापरण्याआधी कागदावर पसरून वरून जाड चुंबक दोन-तीनदा फिरवायचा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर चिकटलेले कण झटकणं सोपं जातं. इथे वाळू रुळांपासून बरीच खाली आहे म्हणून निभावतंय.

माड बघा. खरा माड १८ मीटरचा धरला तर एचओमध्ये २० सेंटीमीटरच्या वर जातो. बहुतेक जण झाडं लहान करतात, कारण हातात धरल्यावर २० सेंटीमीटरचं झाड फारच मोठं वाटतं. इथे माड पुऱ्या उंचीचे आहेत आणि त्यामुळे त्यांच्या सावलीतलं कौलारू घर घरासारखं दिसतं. खोडाला तारेवर काथ्या गुंडाळून वर गोंद लावलाय, पावसाळी गवतही काथ्याच बारीक कातरून, रंगवून. घराच्या चिऱ्याच्या भिंती जाड पुठ्ठ्यावर कटरने रेघा ओढून केल्यात. चिरा फूटभर लांब, म्हणजे इथे साडेतीन मिलिमीटर, आणि सांधे एकाआड एक सरकवलेले. गडग्याचे दगड मात्र ओबडधोबड, तसेच असायला हवेत. ही नजर गणपतीचं मखर करणाऱ्या हातांची आहे, हे न सांगता कळतं.

दुसरा देखावा माथेरानच्या गाडीचा. आकार दीड मीटर बाय ८० सेंटीमीटर, म्हणजे घरात मावणारा. नेरळ-माथेरानचा मार्ग १९०७ चा, रुळांची रुंदी ६१० मिलिमीटर. १:८७ मध्ये ती ७ मिलिमीटर होते, इथे एन स्केलचा (एचओहून लहान मापाच्या मॉडेलांचा) ९ मिलिमीटरचा रूळ वापरलाय. गंमत अशी की मोठ्या देखाव्याला जे जमत नाही ते या छोट्याला जमतं. माथेरानच्या मार्गावर २० मीटरहून कमी त्रिज्येची वळणं आहेत. २० मीटर म्हणजे मॉडेलमध्ये २३ सेंटीमीटर. एवढं वळण टेबलावर खऱ्या प्रमाणात बसतं. डबे आखूड, वेग कमी, चढ २० ला १. कागदावर सगळं खरं.

प्रत्यक्षात हा देखावा दिवसातला निम्मा वेळ बंद असतो. चढ खरा ठेवला पण इंजिन ४० ग्रॅमचं आहे. तीन डबे घेऊन चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून मागच्या चाकांना रबराच्या धावा चढवल्यात. त्यांनी पकड येते, पण धाव चढवलेलं चाक रुळातून वीज घेऊ शकत नाही. चारच चाकांचं इंजिन, त्यातली दोन अशी निकामी झाली की रुळावरचा धुळीचा एक ठिपकाही गाडी थांबवायला पुरतो. चढ ३० ला १ केला असता आणि धावा काढल्या असत्या तर गाडी दिवसभर चालली असती. आकारात प्रमाण पाळावं, चढावात थोडी सूट घ्यावी, कारण मॉडेलचं इंजिन खऱ्याच्या प्रमाणात जड नसतं. तरी सकाळी पहिल्या तासात ही गाडी नागमोडी चढताना जरूर बघा.

गाड्या दुपारनंतर अडखळतात त्याची कारणंही इथे मोकळेपणाने बघायला मिळतात. किनाऱ्याची दमट खारी हवा, वरून पंखे, खाली शेकडो पायांची धूळ. रुळांवर काळा चिकट थर बसतो, त्यात प्लास्टिकच्या चाकांचे डबे तो थर सगळीकडे पसरवत नेतात. निकेल-सिल्व्हरच्या रुळांवर हे निभावतं, पितळी रुळांवर तासाभरात गाडी धापा टाकते. इथली मंडळी दर दोन तासांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने रूळ पुसतात. ते ठीक. एक जण मात्र बारीक पॉलिश पेपर मारताना दिसला, ते करू नये. चरे पडतात आणि पुढची घाण त्या चऱ्यांतच बसते.

लूपच्या दक्षिण टोकाला प्रत्येक इंजिन मंदावतं ते वेगळ्या कारणाने. खाली वाकून बघितलं तर अडीच चौरस मिलिमीटरची जाड मुख्य तार सगळीकडे फिरवलीय आणि तिच्यातून जवळजवळ दर मीटरला रुळाला बारीक तार डाखलेली आहे, फक्त या टोकाला नाही. तिथे वीज नुसत्या फिशप्लेटमधून, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीतून जाते. फिशप्लेट रूळ सरळ ठेवायला असते, तिच्या भरवशावर वीज सोडली की तिच्यात गंज धरला तो दिवस शेवटचा. यार्डाच्या बाजूला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, दुपारी तीननंतर ऊन सरळ रुळांवर येतं. त्या बाजूला रुळांचे सगळे जोड डाखून टाकलेत, फट ठेवलेली नाही, त्यामुळे तापलेला रूळ बाजूला फुगतो. पडदा लावला असता तरी भागलं असतं.

शंटिंगचं टेबल हा पैसा वसूल करून देणारा कोपरा. एका रुळातून तीन फाटे: एकात पाच वाघिणी मावतात, दोघांत तीन-तीन, आणि इंजिनाच्या बाजूला इंजिन आणि तीन वाघिणींपुरती जागा. एकूण वाघिणी आठ. पत्त्यांतून पाच वाघिणींचा क्रम काढायचा आणि गाडी त्या क्रमाने लावून द्यायची. क्रम ६,७२० प्रकारे निघू शकतो, त्यामुळे पुढच्याचं बघून पाठ करता येत नाही. नवख्याला दहा-बारा मिनिटं लागतात. कपलिंग सोडायला रुळांमध्ये चुंबक बसवलेत. वाघिणी चुंबकावर आणून थांबवायच्या, किंचित मागे रेटून ताण सैल करायचा, मग इंजिन पुढे घ्यायचं. मुलं ताण सैल न करता ओढतात आणि कपलिंग सुटत नाही म्हणून रडकुंडीला येतात, एवढं एक आधी समजावून द्या. आठ वर्षांखालच्यांना पाचऐवजी तीन वाघिणींचा क्रम मागून घ्या, देतात.

विक्रीच्या काउंटरवर घाई करू नका. खिशात छोटा चुंबक असू द्या. रुळाला चिकटला तर रूळ पोलादी आहे, कोकणच्या हवेत पहिल्या पावसाळ्यात त्यावर तांबूस थर येणार. चिकटला नाही आणि रंग रुपेरी असेल तर बहुतेक निकेल-सिल्व्हर, पिवळट असेल तर पितळ. स्वस्त सेटमध्ये इंजिन बरं आणि रूळ पोलादी अशी जोडी असते. तसा सेट घेतला तर पुढचे सगळे रूळ निकेल-सिल्व्हरचेच घ्या. पहिल्या सेटला डीसीसीचा (प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारा) कंट्रोलर नको, साधा १२ व्होल्टचा पुरे. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची वेळ येईल तेव्हा बघता येईल. गाडी उचलून ठेवताना झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि जूनच्या आधी त्या बदला.

दुरुस्तीच्या टेबलावर घरची बंद पडलेली गाडी नेली तर फुकट बघून देतात. बहुतेक रोग चाकांवरच्या घाणीचेच निघतात. रुळावरून सारख्या उतरणाऱ्या डब्याच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजून घ्या. एचओला ते साडेचौदा मिलिमीटरच्या जवळपास हवं. चौदाच्या खाली असेल तर सांध्यावर उडणारच.

बाकी सोयी. दाराशी सहा पायऱ्या आहेत, उतार नाही. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी उचलून न्यावी लागते. आत खायला बंदी आहे आणि ती बरोबर आहे, कारण रुळावरचा शेवेचा कण काढताना सगळं थांबतं. बाहेर बटाटेवडा आणि कोकम सरबत मिळतं. दीड ते अडीच चालवणारे जेवायला जातात आणि मोठ्या देखाव्यावर एकच गाडी फिरत राहते, त्या वेळी जाऊ नका. साडेदहाला दार उघडतं, तेव्हाच पोचा. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे, तिथून रिक्षा करावी लागते. चिपळूण किंवा राजापूरहून येणाऱ्यांना एसटी सोयीची, स्टँडवरून हॉल चालत दहा मिनिटांवर आहे. रविवारी पाचनंतर तिकीट अर्ध्या दरात देतात, पण तेव्हा माथेरानची गाडी खोक्यात गेलेली असते.